अर्ध्या मात्रेचे दिवस

सुदानहून झाशीला परतून महिना झाला होता. सीपरी बाजारात लोणच्याच्या कैऱ्या निवडत असताना माझ्या उजव्या डोळ्यात वरून खाली एक काळा धागा उतरला. वाटलं, केस आला असेल. हाताने सारला, गेला नाही. मान फिरवली, तर तोही फिरला. मग धाग्याचं जाळं झालं आणि पाण्यात शाई सांडावी तसं ते सगळीकडे पसरलं.

"भाभीजी, दो किलो तौल दूँ?" भाजीवाला विचारत होता.

"भैया, ज़रा रुकिए. मुझे दिख नहीं रहा."

हे मोठ्याने बोलल्यावरच मला त्याचा अर्थ कळला. कैऱ्या तिथेच टाकून मी एका डोळ्यावर हात ठेवला आणि ऑटो थांबवली.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ प्रकाश टाकून पाहिलं. आत रक्तस्राव झाला होता आणि पडदाही एका बाजूने सुटू लागला होता. त्यांनी विचारलं, "दीदी, शुगर कब से है?"

"ग्यारह साल की थी तब से. बत्तीस साल हो गए."

"और पिछले दो-तीन महीने में? कुछ हुआ था क्या?"

मी अविनाशकडे, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत होता. महिनाभर आम्ही दोघांनी हा विषय घरात काढला नव्हता. मी म्हटलं, "हम लड़ाई में फँस गए थे. इन्सुलिन आधा लेना पड़ा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आधा? कितने दिन?"

"उन्नीस."

त्या म्हणाल्या, डोळ्याचं दुखणं जुनंच असणार, या दिवसांनी त्याला धक्का दिला. हेही खरं होतं की दोन वर्षं मी डोळे तपासून घेतलेच नव्हते. दिसतंय तोवर कशाला जायचं, असं वाटायचं. तुमच्यापैकी कुणी असंच टाळत असेल तर हे वाचून झाल्यावर आधी वेळ ठरवून घ्या. मी हे लिहितेय त्याचं हे एक कारण. दुसरं कारण ते एकोणीस दिवस.

पेरूचा वास

आमचं घराणं मूळचं साताऱ्याकडचं. आजोबा रेल्वेत लागून झाशीला आले आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या घरची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली आहे. पुण्याचे नातेवाईक आम्हाला हसतात, कारण आम्ही बटाट्याला आलू म्हणतो.

मी अकरा वर्षांची असताना अचानक वाळू लागले. घागरभर पाणी प्यायचे आणि तरी तहान भागायची नाही. एका सकाळी मी उठलेच नाही. आत्या माझ्या तोंडाजवळ वाकली आणि आईला म्हणाली, "अगं, हिच्या श्वासाला पिकल्या पेरूचा वास येतोय." रेल्वेच्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी तो वास ओळखला. शरीरात इन्सुलिन तयारच होत नसलं की असा वास येतो. त्या दिवसापासून बाहेरून घेतलेल्या इन्सुलिनवर मी जगते. ते चार दिवस मिळालं नाही तर मी संपेन, हे बाबांनी मला लपवून न ठेवता सांगितलं होतं. त्यामुळे दोन दिवसांसाठी बाहेर जाताना देखील इन्सुलिनची जादाची दोन पेनं, म्हणजे औषध भरलेल्या पेनासारख्या सुया, पर्समध्ये टाकायची, ही सवय हाडात भिनली होती.

अविनाश ट्रान्सफॉर्मर बसवणारा इंजिनियर आहे. कंपनीने त्याला सुदानच्या राजधानीत, खार्तूमला, वर्षभरासाठी पाठवलं. मी दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले. मुलगी ईरा बारावीत होती, ती माझ्या सासूबाईंपाशी झाशीत राहिली.

पूल

अविनाशबरोबर काम करणारा उस्मान नदीपलीकडच्या ओमदुरमानमध्ये राहायचा. उस्मान आणि त्याची बायको सामिया दोघंही पुण्यात शिकलेली. ती औषधशास्त्र शिकली, तो इंजिनियरिंग. त्यांचं लग्नही पुण्यातच ठरलं. रमजानचे दिवस होते. एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला संध्याकाळच्या जेवणाला बोलावलं आणि रात्री राहूनच जा म्हणाले.

दारात सामिया म्हणाली, "या, वहिनी. चप्पल राहू द्या." मी उभीच राहिले. नाईलच्या काठी, सुदानी ओढणीत गुंडाळलेली ती उंच बाई माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत होती. जेवताना मी आलू म्हणाले तेव्हा तिने डोळे मोठे केले. "आलू? आमच्या मेसच्या काकूंनी तुम्हाला जेवायलाच वाढलं नसतं!"

शनिवारी सकाळी, स्वतःचा रोजा असूनही त्यांनी आम्हा दोघांना दिलेला चहा पिताना पहिला आवाज आला. मला वाटलं, दगडाची खाण असेल. उस्मानचा चेहरा पाहिला आणि कळलं की नाही. दुपारपर्यंत विमानं घिरट्या घालू लागली. देशातल्याच दोन फौजा एकमेकांवर तुटून पडल्या होत्या. पूल बंद झाले. आमचे कपडे, पासपोर्ट, फ्रिजमधलं महिन्याभराचं इन्सुलिन, सगळं नदीपलीकडे राहिलं. माझ्याजवळ वापरातली दोन पेनं होती, एक जेवणाआधीचं आणि एक चोवीस तास पुरणारं. पर्सच्या आतल्या कप्प्यात तशीच दोन न उघडलेली होती.

दुसऱ्या दिवशी वीज गेली, तिसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले.

रांजण

सामियाचं औषधाचं दुकान घरालाच लागून होतं. फ्रिज बंद पडल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या रांजणाशेजारी एक रिकामा रांजण मांडला, त्यात ओली वाळू भरली, वाळूत एक लहान मडकं पुरलं आणि वरून ओलं पोतं टाकलं. बाहेर ऊन आपल्या मे महिन्यासारखं. मी मडक्यात हात घातला तर आत सावलीतल्या विहिरीसारखा गारवा. तिथे तिने इन्सुलिन ठेवलं.

मग तिने एका वहीत नावं लिहिली. त्या मोहल्ल्यात इन्सुलिनवर कोण कोण आहे हे तिला तोंडपाठ होतं. सकाळी थोडा वेळ गोळीबार थांबायचा, तेव्हा तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं. कुणी आपणहून आलं, कुणाचा भाऊ आला, कुणाची सासू. ती अरबीत बोलत होती आणि उस्मान माझ्या कानाशी सांगत होता. उघडलेलं पेन ज्याचं त्याच्याकडे राहील. न उघडलेली सगळी मडक्यात येतील. ज्यांचं गोळ्यांवर भागू शकतं त्यांनी इन्सुलिन सोडायचं. बाकीच्यांनी अर्धी मात्रा घ्यायची, भाकरी कमी खायची. सुई मात्र प्रत्येकाला नवी.

कुणी आवाज चढवला नाही. आकाशात विमान घोंघावत असताना माणसं पिशव्या उघडत होती आणि आपला जीव काढून त्या ओल्या वाळूवर ठेवत होती. मी हे पाहिलंय म्हणून सांगते. ऐकलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

माझी पाळी आली.

"वहिनी, न उघडलेलं आहे का तुमच्याकडे?"

"नाही," मी म्हटलं.

अविनाशने माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. मग तो खाली वाळूकडे पाहू लागला. सामियाने वहीत माझं नाव लिहिलं, त्यापुढे काहीतरी खूण केली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

बेतवा

त्या अंगणात इद्रिस नावाचे एक वयस्क गृहस्थ यायचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, इंग्रजी छान बोलायचे. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या शहराला कोणती नदी?"

मी म्हटलं, "शहरात नाही, पण जवळून बेतवा जाते. तुम्हाला नाव माहीत नसेल."

ते खाली बसले आणि बोटाने वाळूत एक रेघ ओढली. "ही बेतवा. इथून उगम, अशी उत्तरेकडे, आणि इथे यमुनेला मिळते. तीस वर्षं हिंदुस्थानच्या नद्या शिकवल्यात मी. झाशी कुठे आहे, दाखवा बघू."

मी वाळूत बोट टेकवलं. माझ्या गावी परत जायचा रस्ता सापडत नव्हता, आणि ओमदुरमानच्या अंगणात एक म्हातारे मास्तर मला बेतवाकाठच्या एरच गावाचं वळण कुठे येतं ते विचारत होते. लहानपणी एरचला नदीवर आम्ही कसे जायचो ते मी सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले, जणू दुसरीकडे काही चाललेलंच नाही.

त्यांनी यादीतून आपलं नाव काढायला लावलं होतं. "मला गोळ्या चालतील," असं ते म्हणत. सामिया त्यांच्याशी भांडली, त्यांनी ऐकलं नाही. नवव्या दिवशी ते गेले. कबरस्तानाकडे जाणारा रस्ता बंद होता, म्हणून त्यांच्याच घरामागे, कडुनिंबाखाली त्यांना पुरलं. तिथे कडुनिंब आपल्यासारखाच असतो, त्याच पानांचा, त्याच वासाचा. मी बायकांबरोबर भिंतीआड उभी होते. माझी दोन पेनं सुरुवातीलाच मडक्यात गेली असती तर ते वाचले असते का, हा प्रश्न मी तेव्हापासून किती वेळा विचारलाय. त्यांनी घेतलीच नसती, असं सामिया म्हणते. असेलही. पण सुरुवातीला मी ती पुढे केली नव्हती, एवढं मला माहीत आहे.

भिंत

पण त्याआधीची, सहाव्या दिवसाची गोष्ट राहिली.

रस्त्यावर पाऊल टाकणं अशक्य झालं होतं. चौकात बंदूकवाले बसले होते. तेव्हा लोकांनी आपापल्या अंगणांमधल्या भिंती फोडायला सुरुवात केली. कुणी कुणाला हुकूम केला नव्हता. एका बाजूने पहार, दुसऱ्या बाजूने फावडं, मध्ये माणूस वाकून जाईल एवढं भोक. अशा भिंती फुटत गेल्या आणि अर्ध्या मोहल्ल्याला रस्ता न ओलांडता सामियाच्या रांजणापर्यंत येता येऊ लागलं. ज्यांनी जन्मभर राबून ती घरं बांधली त्यांनीच ती फोडली. एक जण तर हसत उस्मानला म्हणाला, "शेजाऱ्याशी या भिंतीवरून सात वर्षं बोलणं बंद होतं. बरं झालं, गेली."

त्या सकाळी भिंतीच्या भोकातून चार जणांनी एक दोरीची खाट आत आणली. खाटेवर अमल होती, विशीतली, नुकतं लग्न झालेली. तिच्या घराकडची भिंत त्याच सकाळी फुटली होती. तोवर दोन दिवस ती इन्सुलिनशिवाय होती. ती धापा टाकत होती, डोळे अर्धे मिटलेले. मी तिच्या तोंडावर वाकले.

पिकल्या पेरूचा वास.

सामिया मडक्यात हात घालून पाहत होती. तिने पटकन पाहिलं नाही, चाचपडून पाहिलं, आणि त्यातच मला समजलं की आत फार उरलेलं नाही. सगळी इस्पितळं बंद होती. मी आत गेले, पर्सचा कप्पा उघडला, दोन्ही पेनं आणली आणि तिच्या हातावर ठेवली.

"माझ्याकडे होती," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

तिने नवी सुई काढली, मात्रा भरली, अमलच्या दंडाला टोचली. मग माझ्याकडे वळून, रडवेल्या मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "वहिनी, सगळ्यांनीच एखादं ठेवलंय. मला माहीत आहे. म्हणून तर मी सगळं मागितलं. सगळं मागितलं की अर्धं येतं. मी अर्ध्यावरच बेत केला होता." आणि लगेच, "आता रडू नका. चमच्याने पाणी पाजा हिला. थोडं थोडं. मीठ-साखरेचं नको, मिठाचं."

दिवसभर मी चमच्याने पाणी पाजत बसले. अमल उलटी करायची, मी पुन्हा पाजायचे. सामिया तासातासाला थोडी थोडी मात्रा द्यायची. बाहेर आवाज चालू होते, खिडकीच्या काचा आधीच गेल्या होत्या. ऊन कलल्यावर अमलने डोळे पूर्ण उघडले, मला पाहिलं आणि अरबीत काहीतरी विचारलं.

उस्मान हसू लागला. "विचारतेय, ही कोण?"

निघणं

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला की भारतीयांसाठी बस निघतेय, आणि आम्हाला पुलाजवळच्या एका ठिकाणी पोचायचं आहे. तोवर माझी उघडलेली पेनं संपली होती आणि मीही मडक्यातलंच घेत होते. सकाळ-संध्याकाळ अर्धी मात्रा, वाटीभर उकडलेलं, शेंगदाण्याएवढ्या दाण्यांचं तिकडचं कडधान्य, भाकरीचा चतकोर. पाय कापसासारखे झाले होते. लघवीला सारखं जावं लागायचं आणि पाणी तर नदीवरून वाहून आणलेलं, प्रत्येक तांब्याची लाज वाटायची.

निघताना सामियाने ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पेन मला दिलं. मी हात मागे घेतला.

"नको. मी उद्या-परवा आपल्या देशात असेन. तुमचं काय?"

"उद्या-परवा?" ती म्हणाली. "बंदरापर्यंतच दीड दिवस. मग जहाज. मग विमान. आणि हे मी देत नाहीये. सकाळी सगळ्यांना विचारलं. अमलने सर्वांत आधी हो म्हटलं."

अंगणात ती सगळी माणसं उभी होती. मला त्यांच्यातल्या निम्म्यांची नावंही नीट उच्चारता येत नव्हती. मी हात जोडले. एका म्हातारीने ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि कपाळाला लावले. मला वाटलं, मी तिच्या पाया पडायला हवं होतं आणि हे उलटंच झालं.

पासपोर्टऐवजी दूतावासाने दिलेला तात्पुरता कागद, मग बस, बंदर, जहाज, दिल्ली. त्या पेनातले शेवटचे थेंब मी जहाजावर घेतले.

तोंड खाली

झाशी स्टेशनवर ईरा धावत आली आणि माझी हाडं हाताला लागल्यावर थबकली. चार दिवसांनी अविनाश ऑफिसला जाऊ लागला. मी स्वयंपाक करू लागले. लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की मी पलंग आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन बसायचे, आणि अविनाश बाथरूमचा नळ मोठा सोडून आत उभा राहायचा. आम्ही दोघं एकमेकांना हे दिसू देत नव्हतो. सासूबाई मात्र सगळं पाहत होत्या. त्या काही विचारायच्या नाहीत. वरात जवळ आली की माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसायच्या आणि गव्हातले खडे वेचायच्या.

मग तो काळा धागा आला.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायू भरला आहे, दहा दिवस तोंड खाली ठेवायचं. झोपताना खाली, बसताना खाली, जेवताना खाली. दवाखान्यात दोन रात्री आणि मग घरी. नर्स सकाळी सहाला थेंब घालायला यायच्या, मी त्यांना चपलांवरून ओळखायला शिकले. दतिया गेटकडच्या एक आजी शेजारच्या खाटेवर होत्या. त्या दिवसभर बुंदेलीत आपल्या सुनेची तक्रार करायच्या आणि तीच सून त्यांना भरवत असायची. मला तोंड वर करून त्या सुनेचा चेहरा कधीच पाहता आला नाही. पायातली जोडवी तेवढी आठवतात.

भीती सांगू? डोळा जाईल याची होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती की मी ओमदुरमानमधून सुखरूप निघाले, आणि ज्यांनी मला निघू दिलं त्यांना त्यांच्या त्या पेनाच्या बदल्यात एक आंधळी बाई मिळाली, असं व्हायला नको.

घरी आल्यावर ईरा माझी देखभाल करायची. थेंब, शुगर तपासणं, इंजेक्शन. ती मराठी समजते, बोलते मात्र हिंदीत. सामियाच्या निरोपांतून तिला ओमदुरमानची गोष्ट कळली होती. पाचव्या दिवशी माझ्या मानेखाली उशी सारता सारता ती एकदम म्हणाली, "मम्मी, आपके पास दो पेन थे. आपने दे दिए."

"हो."

"आप मर जातीं तो? मेरे बारे में सोचा भी नहीं?"

मला तिचे फक्त पाय दिसत होते. अंगठा फरशीवर घासत होती. मी म्हटलं, "आधी तुझाच विचार केला. म्हणून तर लपवली होती."

"तो छुपाके ही रखतीं!" ती ओरडली आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी अविनाश माझ्याजवळ जमिनीवर येऊन आडवा झाला, चेहरा माझ्या चेहऱ्याखाली येईल असा. कित्येक दिवसांत मी त्याला समोरून पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "तू नाही म्हणालीस ना सामियाला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते." मग तो बोलतच राहिला. पहिला आवाज, पूल, मास्तरांना पुरताना त्याने माती ओढली ते, सगळं. फटाक्यांच्या वेळी नळ का सोडतो तेही. मी म्हटलं, "अहो, मला ठाऊक होतं." तो म्हणाला, "मलाही तुझं ठाऊक होतं." पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. अजून जातो. याचा उपयोग होतो, हे मी ठणकावून सांगेन.

ईराचा निरोप

मला फोन पाहता येत नव्हता, म्हणून सामियाचे निरोप ईरा लावून ऐकवायची. कधी रोज यायचे, कधी दहा-दहा दिवस काहीच नाही. सामियाचं ते पुणेरी मराठी आणि मागे कोंबड्या, कधी तो आवाज. वाक्य मध्येच थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं, "हं, तर मी काय सांगत होते." ईरा हळूहळू माझं उत्तर लिहून घ्यायच्या आधी स्वतःच काहीतरी लिहू लागली. एकदा मी विचारलं, "काय लिहिलंस?"

"कुछ नहीं."

दोन दिवसांनी उत्तर आलं. ईराने ते माझ्यासमोरच लावलं. सामिया म्हणाली, "ईरा बेटा, तू लिहिलंस की तुझ्या आईने स्वतःचं औषध द्यायला नको होतं. बरोबर आहे तुझं. मी तिची मुलगी असते तर मलाही असाच राग आला असता. माझी आई इथेच आहे आणि मी रोज सकाळी तिला अर्धंच देते. तीही माझ्यावर रागावते. तू रागाव. पण तिचे थेंब चुकवू नकोस."

सामियाची आई त्या यादीत होती हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. एकोणीस दिवस मी त्या घरात राहिले. आईसाठी तिने मडक्यातून एक थेंब जास्त काढलेला मी पाहिला नाही, इतकं की ती आई आहे हेच मला कळलं नाही. भिंतीच्या भोकातून येऊन सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहणारी, निघताना माझे हात कपाळाला लावणारी म्हातारी तीच, हे सामियाने नंतर सांगितलं.

ईराने फोन बाजूला ठेवला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, थेंबचा टाइम झाला."

आता

लढाई अजून संपलेली नाही. आपल्याकडच्या बातम्यांत ती येत नाही एवढंच. मला सकाळी शुगर तपासताना रोज वाटतं, ही पट्टी, ही सुई, हा चालू असलेला फ्रिज, यांतलं काहीच साधं नाही. आजार मला बत्तीस वर्षं माहीत होता. माणसं किती मोठी असू शकतात, हे मात्र मला त्या फुटक्या भिंतींनी दाखवलं.

उजव्या डोळ्याने वाचायला मला पाच महिने लागले. आधी नुसता उजेड, मग आकार, मग वायू विरताना वरून खाली सरकत गेलेली एक पाण्याची रेघ. कडेला अजूनही अंधुकच आहे आणि तसंच राहणार.

मधे सामियाचा निरोप फार काळ आला नाही. आम्ही रोज फोन पाहायचो आणि एकमेकांना विचारायचो नाही. मागच्या शुक्रवारी मी कुकर लावत असताना ईरा पळत आली. सामियाने दुकानाचा छोटा व्हिडिओ पाठवला होता. सोबत लिहिलं होतं, शटर अर्धंच उघडतं, पण उघडलंय. आई बरी आहे. मुख्य म्हणजे, वहिनी, तुमचा डोळा कसा आहे ते सांगा.

मी गॅस बंद केला. डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट धरला आणि फोन उजव्या डोळ्यासमोर नेला. भिंतीला छऱ्यांची भोकं. रिकाम्या फळ्या, एका फळीवर थोड्या बाटल्या. दाराशी रांगेत उभी राहिलेली माणसं. आणि गल्ल्यामागे, पांढरा कोट घालून, कुणाला तरी सुई कशी धरायची ते दाखवत असलेली अमल.

ईराने विचारलं, "क्या लिखूँ?"

मी म्हटलं, "मराठीत लिही. दिसतंय."